संधिवात झाल्यावर गिटार: माझी दोन वर्षं

सकाळी उठल्यावर ज्यांची मूठ वळत नाही आणि घरात कोपऱ्यात गिटार उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी मी रात्र-रात्र मराठीत असं काही शोधत होते. गुडघेदुखीवर ढीगभर मिळालं. हातांबद्दल, तेही वाजवणाऱ्या हातांबद्दल, काही सापडलं नाही.

मी डॉक्टर नाही. माझ्या बाबतीत जे जसं झालं ते तसंच सांगते. आजार सुरू झाला तेव्हा माझं वय ४६ होतं. मुलुंडला राहते, लोअर परळला एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. गिटार कॉलेजपासून वाजवते. रविवारी सोसायटीतल्या चार मुलांना शिकवते आणि आमचा पाच जणांचा ग्रुप आहे. भावगीतं, जुनी हिंदी गाणी. गणपतीत आणि कोजागिरीला कार्यक्रम, एवढंच.

२०२२ चे गणपती ३१ ऑगस्टला बसले. कोविडच्या दोन वर्षांनंतर पहिल्यांदाच सोसायटीने दणक्यात करायचं ठरवलं होतं, त्यामुळे महिनाभर रोज रात्री तालीम. त्यात एफ कॉर्डवर हात अडायला लागला. न वाजवणाऱ्यांसाठी सांगते, एफला तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून धरावी लागते आणि बाकीची बोटं पुढे वेगळ्या तारा धरतात. पंचवीस वर्षं जी कॉर्ड आपोआप पडायची, तिच्यातली एक तार फरफरायला लागली. जोर लावला की तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी कळ यायची. वाटलं, तालीम जास्त झाली. गणपती गेले की हात बसेल.

गणपती गेले, कळ राहिली. नवरात्रात सकाळची गंमतच गेली. टूथपेस्टचं झाकण उघडेना, कुर्त्याचे हूक लागेनात, कुकरचं झाकण फिरवायला नवऱ्याला हाक मारावी लागे. आठ-सहाच्या लोकलला उभी असले तर वरची कडी धरता यायची नाही. मनगट त्यात अडकवून उभी राहायचे. दुपारपर्यंत हात सैल व्हायचे, त्यामुळे ऑफिसात कुणाला काही सांगावं असंही वाटत नव्हतं.

दिवाळीत मात्र लपवता आलं नाही. चकल्या पाडायला बसले होते. पितळी सोऱ्या, वरून फिरवायचा. पहिल्या चकलीचे दोन वेढे पडले आणि हात थांबला. मी दोन्ही हातांनी दांडी धरली, तरी ती फिरेना. तेल तापून धूर यायला लागला होता. सासूबाईंनी काही न बोलता गॅस बारीक केला आणि सोऱ्या माझ्या हातातून घेतला. सगळ्या चकल्या त्यांनी पाडल्या, वयाच्या बहात्तराव्या वर्षी.

घरच्या डॉक्टरांनी पाच दिवसांची दुखण्याची गोळी, बी-१२ आणि युरिक ॲसिडची तपासणी दिली. युरिक ॲसिड नॉर्मल आलं. पाच दिवस बरं वाटलं, सहाव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. नोव्हेंबरमध्ये एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही हातांचे एक्स-रे काढले, नॉर्मल. संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी केली, निगेटिव्ह. 'संधिवात नाहीये. चाळिशीनंतर होतं असं. गिटार बंद करा,' असं सांगून त्यांनी मलम लिहून दिलं. तपासणी, एक्स-रे आणि रक्त मिळून २,६०० रुपये झाले.

मी गिटार कव्हरमध्ये घालून कपाटावर ठेवली. मुलांचा क्लासही बंद केला. त्या दोन महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण वाजवणं थांबवूनही दुखणं वाढतच होतं. आणि एक गोष्ट मला कळत नव्हती. तारा मी डाव्या हाताने दाबते. उजव्या हातात फक्त तारा छेडायचं पिक असतं. मग उजव्या हाताची तीच दोन बोटं, तीही मुळाशीच, का सुजत आहेत? हे मी वहीत लिहून ठेवलं होतं, पण ते कुणाला तरी विचारावं हे सुचलं नाही.

सुचवलं भाचीने. ती फिजिओथेरपिस्ट आहे. नाताळच्या सुट्टीत घरी आली, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "मावशी, सकाळी किती वेळ आखडलेले असतात?"

"दीड तास तरी."

"आणि दोन्ही हात सारखेच?"

"हो."

"मग तू ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा. संधिवाताचे डॉक्टर वेगळे असतात. आजच नंबर लाव."

हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दादरच्या एका डॉक्टरांची तीन आठवड्यांनंतरची, २५ जानेवारी २०२३ ची वेळ मिळाली. भाचीने सांगितल्यामुळे मी मधल्या काळात रोज सकाळी उठल्या उठल्या हातांचे फोटो काढले आणि मूठ वळायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवलं. याचा फार उपयोग झाला. वेळ संध्याकाळी सहाची होती आणि तोवर माझी सूज उतरलेली असायची. फोटो नसते तर डॉक्टरांना फारसं काही दिसलंच नसतं. तुम्हीही हे नक्की करा. आधीचे सगळे रिपोर्ट, घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घालून न्या.

डॉक्टरांनी हस्तांदोलन करतात तसा माझा हात बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी दाबला. मी खुर्चीतून उठलेच. मग एकेक सांधा चाचपून ते लिहीत गेले. अँटी-सीसीपी (संधिवात ओळखायची रक्ततपासणी), ईएसआर, सीआरपी (या दोन्हींतून अंगातली सूज कळते) आणि हातांची सोनोग्राफी सांगितली. फी १,८००, तपासण्या ५,४००. चार दिवसांनी रिपोर्ट आले: अँटी-सीसीपी भरपूर पॉझिटिव्ह, ईएसआर वाढलेला, ५२, सोनोग्राफीत सांध्यांच्या अस्तराला सूज. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

त्यांनी शांतपणे समजावलं. आरए फॅक्टर निगेटिव्ह असला तरी हा आजार असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो, कारण सूज अस्तरात असते आणि एक्स-रेत दिसतं ते हाड. हाड कुरतडलं जायला लागलं की मग एक्स-रेत दिसतं, पण तोवर गेलेलं परत येत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, म्हणून दोन्ही हातांना सारखंच होतं. वयानुसार होणारी झीज वेगळी. तिच्यात बहुधा नखांजवळच्या पेरांना टणक गाठी येतात, अंगठ्याचं मूळ दुखतं आणि सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत सुटतं. माझ्या वहीतल्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

"डॉक्टर, गिटारमुळे झालं का?"

"नाही. गिटार वाजवल्याने हा आजार होत नाही. सूज आहे तोवर सांध्यावर जोर देऊ नका. औषध लागू पडलं की हळूहळू सुरू करा. बंद करा असं मी म्हणणार नाही."

दादर स्टेशनवर बाकावर बसून मी दोन लोकल सोडल्या. आजाराचं नाव कळल्याचं दुःख होतं, आणि गिटार बंद करा म्हटलं नाही याचं रडू येत होतं.

औषध लगेच सुरू झालं नाही. त्याआधी हिमोग्राम, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. ५ फेब्रुवारीला, रविवारी, मेथोट्रेक्सेटची, म्हणजे सांध्यांवर उलटलेली प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाची, पहिली गोळी घेतली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. हे मी मुद्दाम ठसवून सांगते आहे, कारण चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतू शकते. घरात गोळ्यांचा डबा दुसरं कुणी भरत असेल तर त्यालाही सांगून ठेवा. आमच्या फ्रिजवर मी मोठ्या अक्षरांत वार लिहून चिकटवला आहे. बाकीच्या दिवसांत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे फॉलिक ॲसिड, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (याच आजारावरची दुसरी गोळी), आणि पहिले काही आठवडे कमी मात्रेत स्टिरॉइड, जे हळूहळू उतरवत बंद केलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो. तो पहिल्या दोन महिन्यांत केला, आता ठरलेल्या वेळी करते. दारू बंद (मला तसाही प्रश्न नव्हता). आणि वाचणाऱ्यांत कुणाला मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं, गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

सोमवारी मला मळमळायचं. ऑफिसात डबा उघडला तरी नकोसं व्हायचं. डॉक्टरांना विचारून गोळी शनिवारी रात्री जेवणानंतर घ्यायला लागले, म्हणजे रविवार घरी जातो. आणि हे औषध दुखण्याच्या गोळीसारखं तासाभरात काम करत नाही. सहा ते बारा आठवडे लागतात, हे आधी सांगितलं होतं म्हणून मी टिकले. त्या काळात ओळखीच्यांनी तीन वेगवेगळी चूर्णं सुचवली, एकाने तर पुडी आणूनही दिली. मी ती डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, "नावगाव नसलेल्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. चार दिवसांत बरं वाटतं ते त्यामुळेच." पुडी टाकून दिली. सासूबाई रात्री कोमट तेल लावून देत, ते मात्र चालू ठेवलं. त्याने आजार हटत नाही, पण झोप लागते.

नवव्या आठवड्यात, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, एका सकाळी मी कुकर उघडला आणि भाजी काढून घेतल्यावर लक्षात आलं की हाक मारलीच नाही.

खर्चाचं थोडक्यात. गोळ्या महिन्याला साधारण ७०० ते ८०० रुपये, रक्ताच्या तपासण्या सुरुवातीला दर महिन्याला आणि नंतर तीन महिन्यांनी, प्रत्येक वेळी ९०० च्या आसपास. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये यातलं काहीच बसलं नाही, कारण दवाखान्यात भरती नव्हते. मी दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. मग एचआरमधल्या एकीने सांगितलं की आमच्याकडे ओपीडीसाठी वर्षाला १०,००० ची वेगळी मर्यादा आहे, फक्त अर्ज वेगळा. त्याला मूळ बिलं लागतात, बिलावर रुग्णाचं पूर्ण नाव लागतं, चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसावा लागतो. माझी पहिल्या तीन महिन्यांची केमिस्टची बिलं 'कॅश' नावाने होती, ती बुडाली. तेव्हा पहिल्या दिवसापासून केमिस्टला नाव सांगा आणि तुमच्या ऑफिसात ओपीडीची सोय आहे का हे स्पष्ट शब्दांत विचारा. कुणी आपणहून सांगत नाही.

हातांच्या थेरपीसाठी मी परळच्या केईएम हॉस्पिटलला गेले. डॉक्टरांचं पत्र, जुने रिपोर्ट आणि आधार कार्ड घेऊन मुलुंडहून सकाळची स्लो लोकल पकडली. केसपेपर काढला, आधी ओपीडीत दाखवलं, तिथून ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून शिकवतात त्या विभागात, पाठवलं. एकूण तीन अर्ध्या रजा गेल्या. सगळे मिळून पाचशे रुपयांच्या आत काम झालं. पाण्याची बाटली, डबा आणि केसपेपरची झेरॉक्स जवळ ठेवा. तिथल्या थेरपिस्टने बोलता बोलता सांगितलं की हा विषय शिकवणारी शाळा कमला निंबकरांनी १९५० मध्ये इथेच, केईएममध्ये सुरू केली. जन्माने अमेरिकन असलेली बाई लग्न करून निंबकर झाली आणि इथे हे काम उभं करून गेली. मी तीस वर्षं परळवरून जाते-येते आहे, मला हे माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी झोपताना घालायचा स्प्लिंट केला. प्लास्टिकचा पांढरा पत्रा गरम पाण्यात मऊ करतात, पुसतात आणि हातावर ठेवून आकार देतात. कोमट चपातीसारखा तो हातावर बसला आणि दोन-तीन मिनिटांत कडक झाला. मग पट्टे. सुरुवातीला रात्री अवघडल्यासारखं होतं, आठवड्यात सवय झाली.

दुसऱ्या वेळी थेरपिस्टबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी गिटार घेऊन या. नुसतं सांगून मला कळणार नाही." मला संकोच वाटत होता. तिथे कुणी अपघातातून उठलेलं, कुणी अर्धांगवायूने लुळं पडलेलं, आणि मी गिटार घेऊन जाणार. त्यांना तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "त्या काकांना पुन्हा सही करायचीय, तुम्हाला पुन्हा वाजवायचंय. आमचं काम तेच."

मी खुर्चीवर बसून वाजवलं. त्या समोर न बसता डावीकडे, माझ्या मनगटाच्या पातळीवर वाकून बघत होत्या. दोन मिनिटांत तीन गोष्टी दाखवल्या. माझं मनगट काटकोनात मुडपलेलं होतं. अंगठा मागून गिटारची मान चिमट्यासारखा आवळत होता. आणि बोट मी दोन फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, मध्यावर टेकवत होते. त्यांनी अंगठा पूर्ण काढायला लावला आणि म्हणाल्या, "आता दाबा. दंडाच्या वजनाने बोट मागे ओढा." आणि बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी चिकटून ठेवायला सांगितलं. एकच सूर, पहिल्या तारेवर. तो इतक्या थोड्या जोरात स्वच्छ वाजला की मी पुन्हा पुन्हा वाजवून पाहिला. पंचवीस वर्षं मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाबत होते. घरी गेल्यावर डाव्या पायाखाली पाट घेऊन, गिटारची मान वर करून बसायला लागले. मनगट आपोआप सरळ राहतं.

त्यांनी घालून दिलेला नियम आजही पाळते. आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात. मग पाच मिनिटं वाजवायचं, घड्याळ लावून, दिवसातून तीनदा. वाजवल्यानंतर दोन तासांहून जास्त वेळ दुखत राहिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं. सांधा गरम, सुजलेला असेल त्या दिवशी गिटारला हात लावायचा नाही, बर्फाने शेकायचं. सकाळी वाजवायचं नाही. पाच मिनिटांची सात, सातची दहा व्हायला मला चार महिने लागले. आता सलग वीस मिनिटं वाजवते आणि तिथे थांबते, कितीही रंगलं तरी.

हाताएवढंच वाद्यही बदलावं लागलं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे कुणी सांगत नाही.

माझ्या गिटारला १२ च्या तारा होत्या, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाड. धोबीतलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात जाऊन १० चा सेट आणला. तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे त्याच सुराला पहिल्या तारेवरचा ताण जवळपास ३० टक्क्यांनी उतरतो. आवाज थोडा पातळ होतो, हे खरं. मला तो चालतो. मग गिटार एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली, ती तीन मिलिमीटरच्या वर होती. सॅडल, म्हणजे खालच्या बाजूला तारा टेकतात ती पट्टी, घासून खाली आणली आणि नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा बसतात त्या पट्टीच्या, खाचाही खोल केल्या. पहिल्या फ्रेटवरच्या कॉर्ड जड जातात त्या बऱ्याचदा उंच नटमुळे, आणि एफ पहिल्या फ्रेटवरच असते. या सगळ्याचे ८०० रुपये. नवीन गिटार घ्यायच्या आधी हे करून बघा.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सापडली. सहाही तारा एक अख्खा स्वर, म्हणजे दोन फ्रेटइतक्या, खाली उतरवायच्या आणि दुसऱ्या फ्रेटवर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावायचा. गाण्याची पट्टी होती तीच राहते, ताण मात्र सुमारे २० टक्के कमी होतो. शिवाय कापोच्या पुढे फ्रेट जवळजवळ असतात. माझ्या गिटारवर पहिल्या फ्रेटची रुंदी साधारण ३६ मिलिमीटर, तिसऱ्याची ३२. चार मिलिमीटर ऐकायला काही नाही, पण सुजलेलं बोट ताणायचं असतं तेव्हा ते खूप असतं. दोन्ही हातांचा विचार करायचा तर पिकचाही करा. मी जाड पिकवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे, त्यामुळे चिमूट घट्ट धरावी लागत नाही.

पूर्ण एफ मी सोडून दिली. वरच्या सुरांच्या तीन पातळ तारांवरच्या छोट्या कॉर्ड शिकले. ग्रुपमध्ये हार्मोनियम आणि तबला असतो, खालच्या सुरांच्या जाड तारांची उणीव कुणाला जाणवत नाही. मला जाणवते. पहिल्या तालमीत त्या जागी हात रिकामा राहिला तेव्हा घशात आवंढा आला होता, आता तसं होत नाही.

या काळात अनेकांनी मला जँगो राइनहार्टचं उदाहरण दिलं. १९२८ मध्ये आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची जायबंदी झाली आणि उरलेल्या दोन बोटांवर तो जगातला थोर गिटारवादक झाला. मला त्याच्याबद्दल अपार आदर आहे. पण संधिवात झालेल्या माणसाला हे उदाहरण देऊ नका. त्याची बोटं आज जशी तशीच उद्या होती. आमची रोज वेगळी असतात. आज वाजलेलं उद्या वाजेल याची खात्री नसते, आणि शिकावं लागतं ते नेमकं हेच.

मला जास्त बळ मामाकडून मिळालं. मामा ७४ वर्षांचा, गिरगावात वाढलेला. तरुणपणी चाळीच्या गणपतीत आणि ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचा. त्याला वयाची झीज आहे. नखांजवळच्या पेरांवर गाठी, अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेलं. मे महिन्यात त्याच्याकडे गेले तर टेबलावर आमचे चार हात शेजारी शेजारी ठेवून तो बघत राहिला. माझी सूज बोटांच्या मुळाशी, त्याच्या गाठी टोकाशी. मग म्हणाला, "अगं, तू तार दाबतेसच कशाला? मांडीवर घे."

हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तारा फ्रेटपासून उंच असतात, बोटांनी दाबायच्याच नसतात. डाव्या हातात पोलादाची कांडी, ती तारांवर नुसती टेकवून सरकवायची. ब्रिजभूषण काब्रांनी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत वाजवलं ते अशीच आडवी गिटार घेऊन, आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा हीसुद्धा तशीच, बदल केलेली गिटार. मामाने माझ्या जुन्या गिटारला नटवर बसणारी उंच पट्टी लावून दिली, तारा ओपन ट्यूनिंगमध्ये, म्हणजे न दाबता छेडल्या तरी एक कॉर्ड वाजेल अशा, जुळवल्या आणि कांडी हातात ठेवली. "टेकव. दाबू नकोस. कांडी बरोबर पट्टीच्या वर, तिच्या मागे नाही. मागची दोन बोटं तारेवर आडवी ठेव, म्हणजे मागून किरकिर येणार नाही." पहिला आठवडा सगळं बेसूर. पण मींड आली! गिटारवर मला कधी जमली नव्हती अशी, गळ्यातून निघावी तशी मींड. भावगीताचा मुखडा मामासमोर वाजवला तेव्हा त्याने डोळे मिटले होते.

जुलैमध्ये मोठा झटका आला. व्हायरल ताप आला, डॉक्टरांनी ताप असेपर्यंत मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितलं, आणि ताप उतरल्यावर मी विचारायला कंटाळा करून आणखी दोन शनिवार तसेच घालवले. तिसऱ्या आठवड्यात मनगटं सुजली. सहा आठवडे वाजवणं बंद, गोळीची मात्रा वाढली. थांबवायचं ते डॉक्टरांना विचारून आणि पुन्हा सुरू करायचं तेही विचारूनच, हे मी तेव्हा शिकले. २०२३ च्या गणपतीत मी स्टेजवर गेले नाही. खाली खुर्चीवर बसून ग्रुपला टाळ्या दिल्या.

वर्षभर काही विशेष घडलं नाही, आणि या आजारात तेच हवं असतं. ईएसआर १८ वर आला. मुलांचा क्लास पुन्हा सुरू केला. एकाने मला मांडीवर गिटार घेतलेली पाहून तीच शिकायची म्हणून हट्ट धरला आहे.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार. सोसायटीचा कार्यक्रम. सात गाण्यांपैकी पाचांना मी होते, तीन गाणी कापो लावून आणि दोन गिटार मांडीवर घेऊन. दोन गाण्यांच्या मध्ये कोमट पाण्याची पिशवी मांडीवर ठेवून बसले होते. मामा पहिल्या रांगेत होता, सासूबाई त्याच्या शेजारी. संपलं तेव्हा साडेदहा झाले होते. पडद्यामागे आले तर नवरा एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात शनिवारची गोळी घेऊन उभा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळायला पंचवीस मिनिटं लागली. वहीत लिहिलं, आणि मुलांच्या आईबाबांना निरोप पाठवला की आजचा क्लास अकराऐवजी संध्याकाळी पाचला.